रूपरावांची मान

शाल्मली : आता डावीकडे. हळू. जिथे अडेल तिथे थांबा, ओढून नेऊ नका.

रूपराव : अडली. पण म्याडम, मागच्या हप्त्यात भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नव्हतं. आता अर्धं दिसते.

शाल्मली : अर्धं दिसतं म्हणजे चांगलंच आहे. परत पालथे झोपा. कपाळ उशीच्या खाचेत, हात बाजूला. आता मी अंगठे ठेवतेय. दुखलं तर लगेच सांगायचं, सहन करायचं नाही.

रूपराव : दुखत नाई. तुमी जोरच लावत नाई नं. कारंज्याले हायवेवर ढाब्यापाशी एक न्हावी हाय. सारे ट्रकवाले जातात त्याच्याकडे. हनुवटी धरते, कट असा आवाज होते, झालं. मानूस उठून सिधा गाडीत बसते.

शाल्मली : तुम्ही गेला होतात का त्याच्याकडे?

रूपराव : जाणार होतो. बायकोनं जाऊ देल्लं नाई. ती म्हणे, समुद्रपूरले बसस्टँडच्या मागं फिजिओथेरपीची बाई आली हाय, तिच्याकडे चाला.

शाल्मली : काकूंचे उपकार माना. काका, मानेत सात मणके असतात आणि मागच्या अंगाला त्यांना जोडणारे लहान लहान सांधे असतात, डावीकडे आणि उजवीकडे. दाराच्या बिजागऱ्या असतात ना, तसे. तुमचे डावीकडचे दोन आखडलेत. गंजलेली बिजागरी झटका देऊन उघडली तर काय होतं?

रूपराव : स्क्रू निंगून येतात.

शाल्मली : म्हणून मी नुसतं हलवतेय. थोडं पुढे, थोडं मागे. सांधा आपणहून सैल होतो, वेळ लागतो फक्त.

रूपराव : वेळच त नाई नं म्याडम. एप्रिलात डेपोचं मेडिकल हाय. डाव्या आरशात पाहाचं त पुरं आंग वळवा लागे, म्हून सुट्टीवर बसवलं मले. फिट असं लिहून भेटलं का परत स्टेरिंगवर. आगस्टात रिटायर होतो. तेवढे महिने गाडीवरच काढाचे हायेत, टेबलावर नाई.

शाल्मली : टेबलावर काय वाईट आहे?

रूपराव : पोरगी रांगत होती तवा एसटीत लागलो. आता तिची पोरगी शाळेत जाते. इतक्या वर्सात एक ॲक्सिडेंट नाई. गिरडच्या लाइनवर कोनालेबी इचारा. शाळंच्या पोरी गाडी येतानाच सांगतात, आज रूपरावकाका हायेत, धक्के नाई बसत. मंग त्या पोरीईले टेबलावरून दिसन काय मी?

शाल्मली : बरं. उठून बसा, एकदम नाही, कुशीवर होऊन. चक्कर नाही ना येत?

रूपराव : नाई.

शाल्मली : आज घरी करायचा व्यायाम शिकवते. तुम्हाला एकट्याला लक्षात राहणार नाही, काकूंना आत बोलवू. काकू, आत या ना जरा.

आनंदाबाई : आली बाप्पा. बाहेरच्या बेंचवर एका बाईनं मले तिचं पुरं गुडघ्याचं ऑपरेशन सांगतलं. चहा मांडाचा तेवढा राह्यला होता. काय म्हणते यायची मान?

शाल्मली : वळायला लागलीय. आता हा टॉवेल बघा, काकू. याची कड बरोबर इथे, मणक्याच्या उंचवट्याखाली धरायची. दोन्ही टोकं काकांच्या दोन हातांत. डाव्या हातानं टोक छातीशी धरून ठेवायचं, उजव्या हातानं टॉवेल गालावरून डोळ्याच्या दिशेनं हलका ओढायचा आणि त्याच्यासोबत मान डावीकडे न्यायची. काका, करून बघा.

रूपराव : असं?

शाल्मली : ओढ सोडू नका. हं, सुटला.

रूपराव : हात घामेजला.

शाल्मली : पुसा आणि परत धरा. जरा घट्ट.

रूपराव : धरला.

शाल्मली : परत सुटला, काका.

आनंदाबाई : द्या इकडं. घरी मीच धरीन मागून. यायचं असंच हाय म्याडम, आजकाल कोनतंबी काम हातात देल्लं का सोडून देतात न मी करीपर्यंत वाट पाहतात.

शाल्मली : बरं, आज एवढंच करू. काका, शर्ट घालून घ्या. काकू, तुम्ही बसा ना, त्यांना घालू द्या.

आनंदाबाई : नाई, हे आता माह्यंच काम हाय.

शाल्मली : म्हणजे?

आनंदाबाई : गुंड्या. हासू नका म्याडम. दिवाळीपासून सुरू झालं हे. एक दिवस डूटीवर जाच्या टायमाले म्हणाले, आनंदा, इकडं ये, गुंड्या लाव. मी म्हटलं काऊन, हात मोडले काय? त छाती पुढं करून तसेच उभे राह्यले. या मानसानं साऱ्या जनमात मले नाव घेऊन हाक मारली नव्हती. 'अवं' नाई त 'चहा आन'. आन् आता रोज सकाळी 'आनंदा'. शेजारची मंदाबाई खिडकीतून पाहते न म्हणते, म्हातारपनी नवीन लगन झालं काय वं तुमचं.

रूपराव : काईबी काय सांगतं तू लोकाईले.

आनंदाबाई : खोटं हाय काय?

शाल्मली : रोज लावता, काकू?

आनंदाबाई : रोज. सुट्टीवर हायेत तरी रोज. मलेबी सवय झाली. चूल ठेवून येतो मी.

शाल्मली : काका, ही मधली एक गुंडी तुम्ही लावून दाखवा बरं.

रूपराव : लावू द्या नं तिले. तिची हौस हाय.

शाल्मली : एकच लावा.

रूपराव : हे शर्टचं काज बारीक हाय.

शाल्मली : घाई नाही. काकू, तुम्ही हात लावू नका.

रूपराव : थंडीनं बोटं आकडतात.

शाल्मली : मार्च चालू आहे, काका.

आनंदाबाई : अहो, लावा नं. गंमत काऊन करता?

शाल्मली : राहू द्या. काका, इथे बसा. डावा हात माझ्या हातावर सैल ठेवा. मी मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारतेय. बघा, अंगठा वाकला. तुम्ही वाकवलात का?

रूपराव : नाई. त्याच्या मनानंच वाकला.

शाल्मली : दुसरा हात द्या. याचाही वाकतोय. आता मुठी उघडायच्या, मिटायच्या, जमेल तितक्या भराभर. अजून. बस. उभे राहा आणि फरशीच्या या रेषेवरून चाला. एका पायाची टाच, तिला लागून दुसऱ्या पायाचा अंगठा.

आनंदाबाई : अहो, अहो, पडता काय?

शाल्मली : धरलंय मी. बसा. काका, चालताना पायाखाली कसं लागतं?

रूपराव : कसं म्हणजे?

शाल्मली : खरं सांगा.

रूपराव : जिनिंगमंधल्या कापसाच्या ढिगावर चालल्यावानी.

शाल्मली : कधीपासून?

रूपराव : पोळ्याच्या मागंपुढं हातापासून सुरू झालं. पाय आता आता.

आनंदाबाई : पोळ्यापासून?

शाल्मली : पहिल्या दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला. हाताला बधिरपणा येतो का, वस्तू हातातून पडतात का, चालताना तोल जातो का. तुम्ही नाही म्हणालात.

रूपराव : हो म्हटलं असतं त तुमी मेडिकलले लिहून देल्लं असतं.

शाल्मली : आणि मी तुमच्या शब्दावर विसंबले. ही टिचकी मारून बघायला किती वेळ लागतो? तेव्हाच बघायला हवं होतं मी.

आनंदाबाई : म्याडम, काय झालं हे मले सांगता काय कोनी?

शाल्मली : काकू, मान आखडणं ही वेगळी गोष्ट. ती माझ्या हातातली होती. पण मणक्यांच्या मधून जी मुख्य दोरी खाली जाते, मेंदूचा निरोप हातापायाला नेणारी, ती कुठेतरी दाबली जातेय असं दिसतंय. त्यानं बोटांची बारीक कामं आधी जातात. मग पाय. आता मी यांच्या मानेला हात लावणार नाही. कोणीच लावायचा नाही, कारंज्याच्या त्या न्हाव्यानं तर अजिबात नाही. उद्याच्या उद्या वर्ध्याला जाऊन एमआरआय करायचा आणि मणक्याच्या सर्जनला दाखवायचं. मी फोन करून ठेवते.

रूपराव : ऑपरेशन?

शाल्मली : ते सर्जन सांगतील. पण होय, बहुतेक.

रूपराव : मंग मेडिकल?

शाल्मली : काका, या हातांनी तुम्ही फेब्रुवारीपर्यंत बस चालवत होतात. भरलेली.

रूपराव : स्टेरिंगले बारीक काम नाई लागत. पुरा हात लागते.

आनंदाबाई : मंग गिरडच्या चढावर काय झालतं?

रूपराव : ते काऊन काढून राह्यली तू आता?

आनंदाबाई : सांगा नं. दर्ग्याच्या चढावर गाडी मागं घसरली होती. महादेवराव कंडक्टर उतरून चाकाखाली गोटा लावे तोपावत घसरली. घरी येऊन तुमी म्हणाले गेर अटकला. डेपोतल्या अंकुशनं दोन डाव गेरबॉक्स खोलला, त्याले काईच भेटलं नाई. गेर अटकला होता का हात?

रूपराव : कोनाले खरचटलं नाई.

आनंदाबाई : मी ते नाई इचारलं.

रूपराव : हात. दांड्यावर हात होता, पण कुठी हाय ते समजलं नाई. पाहाले खाली मान घालाले गेलो त मान जाईना.

शाल्मली : काकू, पाणी देऊ?

आनंदाबाई : नको. म्याडम, मले एक सांगा. मंग ते गुंड्याचं?

रूपराव : आनंदा.

आनंदाबाई : तुमी थांबा. मी म्याडमले इचारून राह्यली.

शाल्मली : बोटांना जमत नव्हतं, काकू. गुंडी काजात घालायला बोटांच्या टोकांना स्पर्श कळावा लागतो. यांना तो कळत नसणार.

आनंदाबाई : दिवाळीपासून.

शाल्मली : हो.

आनंदाबाई : मले वाटलं.

रूपराव : काय वाटलं?

आनंदाबाई : काई नाई.

रूपराव : तुले सांगतलं असतं त तू गाडीवर जाऊ देल्लं असतं काय मले?

आनंदाबाई : नसतं जाऊ देल्लं. पाय धरून बसवलं असतं घरी. पण म्हून मले दुसरंच वाटू देल्लं तुमी. मी त्या मंदाबाईले काय काय सांगत बसली. पोरीले फोनवर सांगतलं का बाबा बदलले. ती म्हणे, माय, बरं झालं, उशिरानं का होईना. आता तिले काय सांगू मी?

शाल्मली : काकू, ते उद्याचं...

आनंदाबाई : उद्या जाऊ नं. सकाळच्या पह्यल्या गाडीनं जाऊ. मी नाई कुठी म्हणून राह्यली. चाला आता. नाई, उभे राहा तसेच. गुंड्या लावून देतो, उघड्या छातीनं कुठी जाता बसस्टँडवर.

(ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. पोळा होऊन गेल्यावरची एक सकाळ, तोच दवाखाना.)

शाल्मली : इथे पाठीत हात ठेवतेय, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. श्वास सोडा. दुखतं?

रूपराव : नाई. मानेले हात नाई लावत तुमी?

शाल्मली : तिथे सर्जननं पट्टी बसवून दोन मणके जोडलेत, ते आता एकच झाले. ते हलवायचे नसतात. त्यांचं काम वरच्या आणि खालच्या सांध्यांवर येतं, म्हणून पाठ मोकळी ठेवायची. सहज वळते तेवढी वळवून दाखवा. डावीकडे.

रूपराव : कॅलेंडर नाई दिसत.

शाल्मली : नाही दिसणार, काका. एवढीच राहील. पण चाल किती सुधारली तुमची. दारातून आलात तेव्हा भिंतीला हात लावला नाही.

रूपराव : पायाखालचा कापूस गेला. बोटं तशीच हायेत. भाकर तोडता येते, पन सुपारी उचलता येत नाई. ही बोटं येतीन काय वापस?

शाल्मली : थोडी येतील, अजून वर्षभर. पूर्ण नाही येणार. मी सर्जनना विचारलं होतं.

रूपराव : काय म्हणाले?

शाल्मली : दिवाळीच्या सुमाराला आले असते तर बरीच वाचली असती, म्हणाले. मग मी माझंही विचारलं. मी तीन आठवडे मान हलवत होते, त्यानं काही वाढलं का. ते म्हणाले, तुमचा हात हलका होता, तसं दिसत नाही. पण ते तीन आठवडे तर गेलेच ना.

रूपराव : तुमचे तीन हप्ते गेले, माहे सहा महिने गेले. तुमी कायले मनाले लावून घेता? मी खोटं बोललो तुमच्याशी.

शाल्मली : रिटायरमेंटचा कार्यक्रम झाला का डेपोत?

रूपराव : झाला. हार घातला, नारळ देल्ला. महादेवरावनं भाषण केलं, एकबी ॲक्सिडेंट नाई असा ड्रायव्हर. चढावर गोटा त्यानंच लावला होता म्याडम. त्याले मालूम हाय. मी खाली मान घालून बसलो होतो. म्हणजे, बसतो म्हटलं त मान खाली जात नाई आता. समोरच पाहा लागलं साऱ्याईकडे.

शाल्मली : काकू नाही आल्या आज?

रूपराव : आली नं. बाहेर बेंचवर बसली हाय. आत ये म्हटलं त म्हणे तुमचं तुमी करून या.

शाल्मली : अजून राग आहे?

रूपराव : राग असता त बरं झालं असतं. भांडली असती. दवाखान्यात मह्यनाभर उशाशी बसली. भरवलं, धुतलं, सारं केलं. पन बोलते ते कामापुरतं. घरी आलो त एक दिवस पाहतो, तिनं माह्या साऱ्या शर्टाच्या गुंड्या काढल्या. त्याच्या जाग्यावर चिकटपट्ट्या शिवल्या. वरून गुंडी दिसते, आतून पट्टी. म्हणे, आता तुमाले कोनाची गरज नाई, दाबलं का चिकटते.

शाल्मली : तुम्ही काय म्हणालात?

रूपराव : काय म्हणू? बरं केलं म्हटलं.

शाल्मली : काका, एक विचारू? नुसतं लपवायचंच होतं तर काही पण सांगता आलं असतं त्यांना. बोट चेंगरलं, बोटाला काही चावलं.

रूपराव : पह्यल्या दिवशी तसंच सांगाचं होतं. दाराआड उभा होतो, अर्धा घंटा झाला एक गुंडी लागेना, डूटीचा टाइम झाला. म्हून हाक मारली. मनात होतं का सांगू, बोटाले काईतरी लागलं. ती जवळ आली न लावाले लागली. तिचं तोंड एवढ्या जवळून मी कवा पाह्यलं होतं आठवेना. ती खाली पाहून हासत होती, मले दिसू नाई असं. मंग माह्यानं सांगनं झालं नाई. दुसऱ्या दिवशीबी नाई झालं.

शाल्मली : हे त्यांना सांगितलंत?

रूपराव : आता कोन खरं मानते? तिनं इचारलं होतं त मी म्हटलं गाडीवर जाऊ देल्लं नसतं म्हून. ते खरंच होतं. हेबी खरं होतं, पन ते पह्यले तोंडातून निंगालं.

शाल्मली : सांगून बघा.

रूपराव : ते जाऊ द्या. मी दुसऱ्याच कामाचं बोलतो. तिची मान दुखते.

शाल्मली : काकूंची?

रूपराव : घरी बसल्यापासून दिसते मले. सकाळी दाराच्या चौकटीले मान घासत उभी राहते. कोनी हाक मारली त पुरी वळते, बुडापासून. वावरातून कापसाचे गठ्ठे डोक्यावर आनले तिनं, मी लाइनवर असो तवा. कवा बोलली नाई. म्हणजे बोलली असन, मी आयकलं नसन. तिचीबी पाहा नं.

शाल्मली : बोलवा त्यांना.

रूपराव : माह्या म्हणण्यानं नाई येनार.

शाल्मली : काकू, आत या. काकांचं झालं, आता तुम्हाला बघायचंय.

आनंदाबाई : मले कायले? मले काई नाई झालं.

शाल्मली : मान दुखते म्हणतात.

आनंदाबाई : कोन म्हणते?

रूपराव : मी म्हणतो. चौकटीले घासतं नं तू.

आनंदाबाई : पाहता काय तुमी तवा? मले वाटे पेपर वाचता.

शाल्मली : बसा काकू. हाताला मुंग्या येतात? वस्तू पडतात हातातून?

आनंदाबाई : नाई.

शाल्मली : आता मी विचारून थांबत नाही, हात लावून बघते. मधलं बोट द्या. सैल सोडा. दुसऱ्या हाताचं. ठीक आहे. मुठी उघडा, मिटा. या रेषेवरून चालून दाखवा. छान. काकू, तुमची दोरी सुरक्षित आहे. नुसते स्नायू आणि सांधे आखडलेत, वर, कवटीच्या खाली. किती वर्षं झाली?

आनंदाबाई : कोनं मोजलं. पोरीच्या लग्नात हळदीले बसली तवाबी दुखतच होती.

शाल्मली : उताण्या झोपा टेबलावर. काका, तुम्ही स्टूल घेऊन त्यांच्या डोक्यापाशी बसा.

रूपराव : मी?

शाल्मली : रोज समुद्रपूरला येणार आहेत का त्या? तुम्ही घरी असता. शिकून घ्या. दोन्ही तळहात वर करून टेबलावर ठेवा, एकमेकांना लागून. काकू, डोकं उचला. आता काकांच्या हातांवर ठेवा.

आनंदाबाई : यायच्या हातात जोर तरी हाय काय? पाडतीन मले.

शाल्मली : हात टेबलावर टेकलेत, कोणी पडत नाही. काका, बोटं पुढे सरकवा. केसांच्या रेषेखाली हाडाची कड लागेल. लागली?

रूपराव : नाई समजून राह्यलं.

शाल्मली : मी ठेवते तुमची बोटं. इथे. आता काहीही करायचं नाही. दाबायचं नाही, ओढायचं नाही, मान फिरवायची नाही. त्यांच्या डोक्याच्या वजनानं बोटांवर भार येतो, तेवढा पुरे. पाचएक मिनिटं नुसतं धरून बसायचं. दुखलं किंवा चक्कर आली तर हळूच डोकं खाली ठेवायचं आणि मला फोन. काकू, तुम्ही मान सैल सोडा.

आनंदाबाई : सोडली.

रूपराव : सोडली काय खरंच? मले बोटानं कळत नाई. तू सांगत जा.

आनंदाबाई : सांगीन.

शाल्मली : मी बाहेरच्या पेशंटला बघून येते. असेच बसा.

आनंदाबाई : हात थंडे हायेत तुमचे.

रूपराव : काढू?

आनंदाबाई : राहू द्या. उतरून राह्यलं काईतरी. खांद्यापर्यंत जाते.

रूपराव : आनंदा, ते दिवाळीचं...

आनंदाबाई : ते नका काढू आता. बोलले का हात हालतात तुमचे.

रूपराव : बरं.

आनंदाबाई : मान माही दुखतच होती. तुमी रातच्याले घरी येतच होते. हे असं पह्यले काऊन नाई केलं हो कवा?

रूपराव : पह्यले बोटाले समजत होतं.

आनंदाबाई : मंग?

रूपराव : मंग काय. त्या बोटाईनं गाडीच चालवत होतो.